निर्माता म्हणजे नक्की कोण? भाची म्हणते निर्माती व्हायचंय

मृद्गंध

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न विचारतेय, चुकीच्या विभागात टाकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

माझी भाची (दादाची मुलगी), वय २३, मास मीडिया झालंय, गेले सात महिने मुंबईत एका मराठी मालिकेच्या प्रॉडक्शनमध्ये काम करतेय. पद काय तर प्रॉडक्शन असिस्टंट. सकाळी सहाला घर सोडते, रात्री अकराला टेकते, सुट्टी महिन्यातून दोन, आणि पगाराचं न बोललेलंच बरं. घरात सगळ्यांना वाटत होतं चार महिन्यांत कंटाळून परत येईल. तर गणपतीत घरी आली होती आणि आरती झाल्यावर प्रसाद वाटता वाटता म्हणाली, मला निर्माती व्हायचंय. अभिनेत्री नाही, दिग्दर्शिका पण नाही, निर्माती. दादा म्हणाला अगं त्याला पैसा लागतो, तो आपल्याकडे कुठून येणार, निर्माता म्हणजे पैसेवाला माणूस. ती गप्प झाली. रात्री माझ्याजवळ झोपायला आली तेव्हा म्हणाली, आत्या, स्मिता तळवलकर तर बातम्या वाचायच्या ना गं, मग त्या कशा झाल्या?

मला उत्तर देता आलं नाही. मला त्या बातम्या वाचताना आठवतात, आई कामं थांबवून त्यांच्या साड्या बघायची. 'कळत नकळत' मी आईबरोबरच बघितला होता. पण त्या सिनेमाची निर्माती म्हणून त्यांनी रोज उठून काय केलं असेल हे मला खरंच माहीत नाही. नटाचं काम दिसतं, दिग्दर्शकाचं थोडंफार कळतं. निर्मात्याचं नाव पाटीवर सगळ्यात आधी येतं आणि तो काय करतो ते कोणीच सांगत नाही.

इथे या क्षेत्रातले लोक आहेत हे मला माहितीय म्हणून विचारते. निर्माता नक्की काय करतो, सिनेमाचा आणि मालिकेचा वेगळा असतो का, आणि घरचा पैसा नसलेली मुलगी तिथपर्यंत जाऊ शकते का? मला तिला परावृत्त करायचं नाहीये. पण खोटी आशाही लावायची नाहीये.

तिसरी_घंटा

मृद्गंध ताई, तुमच्या भाचीने नाव अगदी बरोबर धरलंय. तिला शाबासकी द्या.

स्मिताताईंनी दूरदर्शनवर १७ वर्षं बातम्या वाचल्या. १९८६ ला 'तू सौभाग्यवती हो' आणि 'गडबड घोटाळा' मधून सिनेमात अभिनय सुरू केला आणि त्यानंतर तीनच वर्षांत, १९८९ ला, 'कळत नकळत'ची निर्मिती केली. आता तो काळ डोळ्यासमोर आणा. 'धूमधडाका' १९८५ चा, 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा, म्हणजे मराठीत विनोदी सिनेमाचा पूर आलेला, थिएटरवाले दुसरं काही मागत नव्हते, आणि त्या वेळी एक नवीन निर्माती ठरवते की मी लग्न झालेल्या पुरुषाच्या आयुष्यात दुसरी बाई येते आणि घर कसं हलतं याची गोष्ट करणार. दिग्दर्शक कांचन नायक, विक्रम गोखले, सविता प्रभुणे, अश्विनी भावे, अशोक सराफ. त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यातल्या गाण्यासाठी अनुराधा पौडवालांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या मते निर्मात्याचं पहिलं काम इथेच दिसतं, कुठली गोष्ट सांगायची हे तो ठरवतो. बाकी सगळे त्यानंतर येतात.

दुसरं काम माणसं ओळखण्याचं. १९९१ चा 'चौकट राजा' घ्या. दिग्दर्शक संजय सूरकर, त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा. मतिमंद नंदूची भूमिका आधी परेश रावल करणार होते, ते जमलं नाही, आणि मग ती दिलीप प्रभावळकरांकडे आली जे खरं तर त्याच सिनेमात दुसऱ्या भूमिकेसाठी ठरलेले होते. विचार करा, सगळं ठरलेलं असताना मुख्य नट जातो आणि आख्खी जुळणी परत करावी लागते. अशा वेळी युनिटमधला प्रत्येक माणूस निर्मात्याच्या तोंडाकडे बघत असतो. आज आपण नंदू म्हटलं की दुसरा चेहरा डोळ्यासमोर आणूच शकत नाही.

आणि सूरकरांना त्यांनी एका सिनेमापुरतं घेतलं नाही. 'तू तिथे मी' १९९८, मोहन जोशी आणि सुहास जोशी, निवृत्तीनंतर मुलांच्या सोयीसाठी वेगळं राहावं लागलेलं जोडपं, परत राष्ट्रीय पुरस्कार. २००४ चा 'सातच्या आत घरात' पण स्मिताताई-सूरकर जोडीचाच. मध्ये 'सवत माझी लाडकी' स्वतः दिग्दर्शित केला. टीव्हीवर 'राऊ', मग 'अवंतिका', जी आमच्या घरात जेवणाची वेळ ठरवायची. शिवाय अभिनय शिकवणारी संस्था काढली. शेवटची काही वर्षं कॅन्सरशी झुंजत होत्या. ६ ऑगस्ट २०१४ ला गेल्या, साठीसुद्धा पूर्ण नव्हती झाली. मला त्या दिवशी घरातलंच कोणी गेल्यासारखं झालं होतं, अजूनही 'तू तिथे मी' लागला की मी पूर्ण बघू शकत नाही, ही (माझी बायको) चॅनल बदलते.

आता दादांच्या मुद्द्याकडे, निर्माता म्हणजे पैसेवाला. आपल्याकडे पहिला निर्माता कोण? दादासाहेब फाळके. पैसेवाले होते का? विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, बायकोचे, म्हणजे सरस्वतीबाईंचे, दागिने गेले. भांडवलदाराला विश्वास वाटावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तो उगवून वेल होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रीकरण करत गेले, ती छोटी फिल्म दाखवून पैसे उभे केले. मग १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'. सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाक करायच्या आणि शिवाय फिल्मला भोकं पाडायचं कामही करायच्या. म्हणजे पैसा त्यांच्याकडे नव्हताच, तो त्यांनी उभा केला.

केतकीचं_बन

तिसरी_घंटा, फार छान लिहिलंत. एक भर घालते, कारण अशा चर्चेत सुषमा शिरोमणींचं नाव नेहमी राहून जातं. स्मिताताईंच्या दहाएक वर्षं आधी, 'भिंगरी', 'फटाकडी', 'मोसंबी नारंगी', नायिका स्वतः आणि निर्मातीही स्वतः. तमाशाप्रधान ग्रामीण सिनेमा म्हणून शहरी लोक नाकं मुरडतात पण त्या काळात एक बाई वितरकांशी समोर बसून व्यवहार करत होती हे किती मोठं आहे. भाचीला हेही नाव सांगा.

पेटीकॅश

मी या धंद्यात चौदा वर्षं आहे, असिस्टंट म्हणून लागले, आता प्रॉडक्शन कंट्रोलर, म्हणजे सेटवरचा रोजचा खर्च आणि व्यवस्था बघणारी. मृद्गंध, तुमची भाची आज जे करते ते मी केलंय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

आधी टीव्हीचं. टीव्हीचा निर्माता दोन काळांत दोन वेगळे प्राणी आहेत. दूरदर्शनवर १९८४ ला 'हम लोग' आलं आणि प्रायोजित मालिकांचा जमाना सुरू झाला, त्यात निर्माता मालिका बनवायचा, दूरदर्शनला प्रक्षेपणाची फी भरायचा, बदल्यात त्याला जाहिरातींसाठी काही सेकंद मिळायचे आणि ते सेकंद विकून पैसे वसूल करायचे. म्हणजे निर्मात्याला गोष्टही कळायला हवी आणि साबणवाल्याच्या ऑफिसात जाऊन बसताही यायला हवं. मालिका मात्र त्याची असायची. १९९९ ला अल्फा मराठी (आताचं झी मराठी) आलं, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी, आणि गणित उलटलं. आता चॅनल ठरवतं, चॅनल प्रत्येक भागामागे ठरलेली रक्कम देतं, त्या रकमेत बसवायचं ते तुम्ही, आणि मालिका चॅनलच्या मालकीची. वसुलीची चिंता गेली पण मालकीही गेली. स्मिताताई दोन्ही काळात उभ्या राहिल्या, 'राऊ' दूरदर्शनवर आणि 'अवंतिका' अल्फावर, हे किती अवघड आहे ते आमच्यातल्यांनाच कळेल, कारण त्यांच्या बरोबरीची कितीतरी माणसं तो बदल पचवू शकली नाहीत.

बाहेरून वाटतं की चॅनल पैसे देतंय म्हणजे निर्माता निवांत. तर असं नाहीये. पैसे बऱ्याचदा प्रक्षेपणानंतर नव्वद दिवसांनी येतात. आठवड्याला सहा भाग धरले तर पहिला चेक हातात पडेपर्यंत पंचाहत्तरेक भाग टेलिकास्ट झालेले असतात. पण सेटवरचा जेवणवाला नव्वद दिवस थांबत नाही, जनरेटरवाला डिझेल रोखीत भरतो, स्पॉटदादाचं घरभाडं पाच तारखेला असतं. ही मधली दरी निर्माता भरतो. कुठून? कर्ज, आधीच्या मालिकेची शिल्लक, किंवा पत. पत म्हणजे लाइटवाला, कॅमेरावाला तुमच्या शब्दावर सामान पाठवतो ती. दादांना सांगा, पैशाच्या आधी ही लागते, आणि ती तुमच्या भाचीला आत्ता या क्षणी कमावता येते, असिस्टंट असतानाच.

आता रोज काय करतो. एक प्रसंग सांगते, म्हणजे कळेल. पाचेक वर्षांपूर्वीची गोष्ट, पावसाळा, आमचा सेट घोडबंदर रोडला एका बंगल्यात. हळदीकुंकवाचा सीन होता, अर्धा आदल्या दिवशी झालेला, अर्धा राहिलेला. नायिकेच्या मोरपिशी ब्लाउजवर आदल्या दिवशी कुंकू सांडलं म्हणून ड्रेसदादांनी रात्री तो धुवायला टाकला, भलेपणानेच. सकाळी नऊचा कॉल, सगळे तयार, लाइट लागलेले, पंचवीस बायका हळदीकुंकवाला नटून बसलेल्या, आणि ब्लाउज ओला. आम्ही इस्त्री फिरवली, मेकअपरूममधला ड्रायर लावला, एक बाजू वाळली की दुसरी गार लागायची. पहिला शॉट ११.४० ला झाला. त्या दिवशीचा एपिसोड दुसऱ्या दिवशी रात्री जायचा होता, बँक शून्य होती (बँक म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग), संध्याकाळी नायिकेला दुसरीकडे जायचं होतं, त्यामुळे तीन सीन दोनात बसवावे लागले, लेखकाला फोन, चॅनलच्या ईपीला (मालिकेवर लक्ष ठेवणारा चॅनलचा माणूस) फोन, एडिटला आधीच निरोप.

रात्री मी डीपीआर पाठवला. डीपीआर म्हणजे दिवसाचा अहवाल, कॉल किती वाजता, पहिला शॉट किती वाजता, जेवणाची सुट्टी, पॅकअप, किती सीन, किती मिनिटं फुटेज, जादा काय लागलं. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं 'ड्रेस डिपार्टमेंटमुळे उशीर'. साडेबाराला मॅडमचा फोन, आमच्या निर्मात्या. मला वाटलं आता ड्रेसदादांची नोकरी गेली. त्यांनी विचारलं, कंटिन्युइटीच्या (म्हणजे अर्धवट सीनला परत तेच लागणाऱ्या) कपड्यांचे सेट किती शिवतो आपण? मी म्हटलं एक. म्हणाल्या उद्यापासून दोन, कापड घेतानाच दुप्पट घ्यायचं. मग विचारलं त्या पंचवीस जणींना जेवण वेळेवर मिळालं का, कारण त्या नऊपासून बसल्या होत्या. मिळालं नव्हतं, साडेतीन झाले होते. त्या दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, तो आकडा तू खरा लिहिलास हे बरं केलंस.

मी निर्माता काय करतो हे त्या रात्री शिकले. गोष्ट निवडणं, पैसा उभा करणं, चॅनलशी बोलणं, दर गुरुवारी टीआरपी आला की कथा वळवायची का नाही याची मीटिंग, हे सगळं आहेच. पण सेटवर जे जे बिघडतं ते शेवटी त्याच्यापाशी जाऊन थांबतं. आम्ही 'ड्रेसमुळे', 'पावसामुळे', 'ट्रॅफिकमुळे' म्हणून मोकळे होतो. निर्मात्याला पुढे कोणाकडे बोट दाखवायला जागाच नसते.

मृद्गंध

पेटीकॅश, वाचून अंगावर काटा आला. आणि तुम्ही बाई आहात हे कळल्यावर तर अजून बरं वाटलं. एक विचारू का, असिस्टंटपासून निर्मातीपर्यंत मधल्या पायऱ्या काय असतात? आणि सिनेमाचं पण असंच असतं का? सिनेमातलं कोणी आहे का इथे?

पेटीकॅश

पायऱ्या साधारण अशा की असिस्टंट, मग प्रॉडक्शन मॅनेजर, मग कंट्रोलर, मग कार्यकारी निर्माता किंवा लाइन प्रोड्यूसर. लाइन प्रोड्यूसर म्हणजे पैसा दुसऱ्याचा पण ठरलेल्या बजेटमध्ये सगळं पार पाडायची जबाबदारी याची. तिथून स्वतःची कंपनी काढणारे बरेच आहेत. दुसरी वाट चॅनलच्या बाजूने, तिथे ईपी म्हणून पाच सहा वर्षं काढली की कुठली गोष्ट का पास होते ते आतून कळतं, मग बाहेर पडून निर्मिती. तिला सांगा एक वर्ष तरी हिशोबाच्या टेबलावर बस. व्हाउचर, कन्व्हेयन्स, जीएसटी, टीडीएस, सगळं कंटाळवाणं वाटेल. पण ज्याला आपल्या एका दिवसाचा खर्च तोंडपाठ आहे त्याला मीटिंगमध्ये कोणी गुंडाळू शकत नाही.

रीळ_नंबर_सहा

सिनेमातला मी आहे. कोल्हापूरचा. लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं, लिहितो.

मी २०१६ साली एक मराठी सिनेमा केला. नाव सांगत नाही, सांगून उपयोग पण नाही, फार लोकांनी बघितलेला नाही. दोन मित्र, थोडं कर्ज, वडिलांनी दिलेला प्लॉट विकला. गोष्ट मला मनापासून आवडलेली होती, अजूनही आवडते. शूटिंग एकोणतीस दिवस, ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले, खोटं कशाला बोलू. पहाटे चार वाजता रंकाळ्यावर धुकं पकडायला उभे होतो आणि कॅमेरामन म्हणाला सर आलं बघा, तेव्हा मी रडलेलो.

चूक कुठे झाली सांगतो म्हणजे भाचीला उपयोग होईल. मी सिनेमा बनवण्याचे पैसे धरले होते, लोकांपर्यंत पोचवण्याचे धरलेच नव्हते. सिनेमा तयार झाला, सेन्सॉर झालं, आणि मग कळलं की इथून पुढे तेवढाच डोंगर आहे. पोस्टर, ट्रेलर, टीव्हीवरच्या जाहिराती, शहरा-शहरात फिरणं, आणि प्रत्येक स्क्रीनवर डिजिटल पद्धतीने सिनेमा दाखवायचे वेगळे पैसे, हे सगळं निर्मात्याच्या डोक्यावर. वितरकाने मोठ्या शब्दांत सांगितलं होतं की एवढे शो मिळवून देतो. शुक्रवार उजाडला तेव्हा त्याच्या निम्मे पण नव्हते, आणि जे होते ते सकाळी साडेदहाचे, नाहीतर दुपारी एकचे. कामावर जाणारा माणूस कधी येणार सांगा. त्याच आठवड्यात मोठा हिंदी सिनेमा होता, संध्याकाळ त्याची.

सोमवारी मी एका थिएटरात बसलो होतो. आत अकरा माणसं. सुटल्यावर एक आजी डोअरकीपरला विचारत होत्या हा शिनेमा रविवारी आहे का बाळ, माझ्या लेकीला दाखवायचाय, ती रविवारीच मोकळी असती. गुरुवारी सिनेमा थिएटरातून उतरणार होता. मी त्यांना काय सांगायचं ते न सुचून तसाच उभा राहिलो. ते मला आजपण टोचतं, पैशापेक्षा जास्त.

थिएटर न मिळणं ही आजची गोष्ट नाही. १९७१ ला दादा कोंडकेंनी 'सोंगाड्या' काढला, निर्माते स्वतः, तेव्हा दादरच्या कोहिनूर थिएटरने हिंदी सिनेमासाठी त्यांना बाजूला काढलं होतं आणि शेवटी बाळासाहेब ठाकरेंनी मध्ये पडल्यावर 'सोंगाड्या' लागला. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीय. पण प्रत्येकाच्या मागं तसं कोण उभं राहत नाही.

राज्य सरकारचं अनुदान असतं ते पण लिहून ठेवतो, बरीच वर्षं 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख अशी रचना राहिली आहे. समिती सिनेमा बघून गुण देते. पण ते मागून येतं, सिनेमा पूर्ण होऊन सर्टिफिकेट मिळाल्यावर. त्याच्या भरवशावर शूटिंग सुरू करणारे मी बघितलेत, करू नये. टीव्हीवर दाखवायचे हक्क, ओटीटीचे हक्क, तेच, आधी कोण शब्द दिला तर तो कागदावर घ्यावा, कागदावर नसंल तर तो बजेटमध्ये धरूच नये.

माझ्याकडे बारा तंत्रज्ञांचे शेवटचे हप्ते राहिले होते. अडीच वर्षं लागली, सगळे दिले. शेवटचा साउंडच्या पोराचा होता, त्याला फोन करून सांगितलं खातं बघ, तर म्हणाला दादा मी सोडूनच दिलं होतं हो. मग म्हणाला पुढचा कधी करताय.

करणार आहे. यावेळी आधी थिएटरपासून उलटं मोजत येणार.

तिसरी_घंटा

रीळ_नंबर_सहा, तुमचं लिहिणं वाचून नि:शब्द झालो. पुढचा सिनेमा लागेल तेव्हा इथे नक्की कळवा, आम्ही दोघं म्हातारी माणसं साडेदहाच्या शोला येऊ.

कोल्हापूरचं नाव आलं म्हणून आठवलं, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी तिथेच निघाली, पाच भागीदार, आणि १९३३ ला पुण्याला आली. तेव्हा नट, सुतार, कॅमेरामन सगळे महिन्याच्या पगारावर, आणि निर्माता म्हणजे आख्खी संस्था असायची. त्याच संस्थेतून १९३६ चा 'संत तुकाराम' आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात नावाजला गेला. आज तीच सगळी जबाबदारी एकट्या माणसावर येते हे तुमच्या पोस्टमधून फार लागलं.

कलम_सव्वीस

मी वकील आहे, करमणूक क्षेत्रातले करार बघतो. धागा आवडला, एका मुद्द्यावर लिहितो कारण नवीन निर्माते इथेच मार खातात.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा 'कर्ता' कोण धरलाय? दिग्दर्शक नाही, लेखक नाही, निर्माता. आणि निर्माता म्हणजे कोण, तर ज्याने ती कृती घडवून आणण्यासाठी पुढाकार घेतला आणि जबाबदारी घेतली तो. कायद्याने पैसा असा शब्दच वापरलेला नाही, पुढाकार आणि जबाबदारी. त्यामुळे मृद्गंध, तुमच्या दादांना हे जरूर दाखवा. चित्रपटावरचा हा कॉपीराइटचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. राष्ट्रीय पुरस्कारातसुद्धा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान दिग्दर्शकाबरोबर निर्मात्याला मिळतो. १९५३ च्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं तेव्हा आचार्य अत्रे निर्माते आणि दिग्दर्शक दोन्ही होते.

पण हा कॉपीराइटचा हक्क करारात सहीने देऊन टाकता येतो, आणि मालिकांमध्ये तेच होतं, पेटीकॅश यांनी म्हटलं तसं. म्हणून काय देतोय हे वाचून सही करायची. रिमेकचा हक्क गेला का, दुसऱ्या भाषेतलं डबिंग गेलं का, पुढे कुठल्या तरी नवीन माध्यमात दाखवली तर काय, हे सगळं एकेका ओळीत लपलेलं असतं. तसंच कथेचे हक्क लेखकाकडून लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या केसेसमध्ये गोष्ट 'मित्राचीच' असते आणि कागद नसतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार, संगीतकार आणि लेखकांचा थिएटरबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा हक्क त्यांच्याकडेच राहतो, तो करारात काढून घेता येत नाही, हेही बऱ्याच निर्मात्यांना माहीत नसतं. टायटल चित्रपट महामंडळाकडे नोंदवलं म्हणजे कथा सुरक्षित झाली असा पण एक गैरसमज आहे. ती फक्त नावाची नोंद असते.

मृद्गंध

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हा आख्खा धागा भाचीला पाठवला आणि दादालाही फॉरवर्ड केला. दादाने कलम_सव्वीस यांची पोस्ट दोनदा वाचली असं वहिनी म्हणाली, मला अजून काही बोलला नाहीये, पण काल त्याने तिला फोन करून विचारलं म्हणे की तुमच्याकडे हिशोब कोण ठेवतं. (तो स्वतः बँकेत होता.)

भाचीने 'तू तिथे मी' आणि 'कळत नकळत' दोन्ही शोधून बघितले, रात्री बारानंतर, तुकड्या तुकड्यात. आणि रीळ_नंबर_सहा, ती म्हणाली त्या आजींचं वाचून तिला झोप लागली नाही.

पेटीकॅश, तुमच्यासाठी तिचा एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत टाकते: 'कालपासून डीपीआर मला भरायला दिलाय. आज पहिला शॉट पन्नास मिनिटं उशिरा झाला कारण एक सिनियर आर्टिस्ट उशिरा आल्या. सर म्हणाले लाइटिंगमुळे उशीर असं लिही. मी काय लिहू?'

पेटीकॅश

तिला सांग, आर्टिस्ट किती वाजता सेटवर पोचल्या ती वेळ लिही, मेकअप कधी संपला ती वेळ लिही, लाइट तयार झाल्याची वेळ लिही. कारणाचा रकाना सरांना भरू दे. आणि जेवणाची सुट्टी किती वाजता झाली ते विसरू नकोस म्हणावं.